कोरडवाहू माणसाने शीड कोठे उभारावे?

अक्कलकोट तालुक्याच्या नकाशावर मैंदर्गी शोधले, तर त्याच्या आसपास निळा रंग फारसा सापडत नाही. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला दुधनी, पलीकडे कर्नाटकाची हद्द आणि मध्ये ज्वारीची व तुरीची राने. पावसाळ्यात आभाळाकडे आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारा हा टापू. अशा ठिकाणी एखाद्याने पारावर येऊन विचारले की, "मला शिडाची होडी चालवायला शिकायची आहे, कोणता क्लब निवडू?" तर पारावरची वडीलधारी मंडळी त्याला आधी सावलीत बसवतील, गार पाणी पाजतील आणि मग हळूच घरच्यांना निरोप धाडतील!

पण हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाही. २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत मुलींच्या आयएलसीए-४ या वर्गात भारताला रौप्यपदक मिळवून देणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ज्या देवासवर पवारांच्या दोन गाद्यांनी राज्य केले, तेच हे देवास. तेथून समुद्र मैंदर्गीपेक्षा काही जवळ नाही. तिच्या आधी २०१८ साली जकार्ता येथे लेझर ४.७ वर्गात कांस्यपदक मिळवणारी हर्षिता तोमर हीदेखील मध्य प्रदेशचीच. दोघींनीही शीड धरायला शिकले ते भोपाळच्या मोठ्या तलावावर. तेव्हा 'समुद्र नाही म्हणून शीड नाही' हे म्हणणे आता टिकण्यासारखे नाही. शीड भरण्यासाठी लागतो तो वारा. आणि वाऱ्याची कमतरता आमच्या माळरानावर कोणालाच कधी पडलेली नाही.

तेव्हा ज्याला या छंदाची हौस आहे, पण ज्याच्या सात पिढ्यांत कोणी नाखवा झाला नाही, अशा नवशिक्याने क्लब कसा पारखावा, याचा जरा नीट विचार करू.

आपली भाषा आणि आपले भय

भाषेच्या मास्तराला शब्दांवरून सुरुवात केल्याखेरीज राहवत नाही. वाचकांनी तेवढी मुभा द्यावी. आमच्या हद्दीवरच्या बोलीत एक मौज आहे. कन्नडमध्ये 'दोणी' म्हणजे होडी. मराठीत 'डोण' म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची लाकडी किंवा दगडी कुंडी. कानाला दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात. पण एकात माणूस पाण्यावर बसतो आणि दुसऱ्यात पाणी माणसाच्या ताब्यात बसते. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण दहा वेळा वापरतो, पण सांगड म्हणजे नदी उतरण्यासाठी भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, हे ध्यानात येत नाही. म्हणजे पाण्याशी आपले नाते होते. ते शब्दांत शिल्लक राहिले आणि व्यवहारातून गेले.

जे म्हणींत उरले ते बहुतेक बुडण्याचेच. 'बुडत्याला काडीचा आधार', 'बुडत्याचा पाय खोलात'. वाऱ्याविषयी आपला व्यावहारिक उपदेश असा की, वारा वाहील तशी पाठ फिरवावी. पाण्याविषयी भय आणि वाऱ्यापुढे शरणागती, अशी ही दुहेरी शिकवण आपल्याला वारशात मिळाली आहे.

हे भय निराधार आहे असे कोण म्हणेल? २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जणांचा जीव गेला. ती माणसे हौशीने पाण्यावर गेली नव्हती. धरणाने नदी रुंद केली, पलीकडचा गाव डोळ्यांना दिसतो पण रस्त्याने दूर पडतो, म्हणून होडीने जात होती. आपल्याच जिल्ह्याच्या पाण्यावर घडलेली ही गोष्ट आहे. त्यानंतर एखाद्या आईने आपल्या मुलाला "पाण्याच्या वाटेला जाऊ नकोस" असे बजावले, तर तिला दोष देता येत नाही.

परंतु पाण्याच्या वाटेला न जाणे हे आता आपल्या हाती राहिलेले नाही. धरणे आली, कालवे आले, शेताशेतात प्लास्टिकचा कागद अंथरलेली निसरडी शेततळी आली. पाणी आपल्या दाराशी आले आहे. पाण्यात कसे वागावे हे मात्र आले नाही. शिडाच्या क्लबाकडे मी श्रीमंतांची करमणूक म्हणून पाहत नाही, त्याचे कारण हेच. चांगला क्लब पहिल्या आठवड्यात जे शिकवतो, ते शीड नव्हेच. होडी उलटल्यावर काय करावे, हे तो शिकवतो. आणि क्लब निवडण्याची माझी मुख्य कसोटीही हीच आहे. जो क्लब तुम्हाला आधी उलटायला शिकवतो तो निवडावा. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

शीड चालते कसे?

क्लब पारखायचा तर विद्येचे थोडे मर्म ठाऊक असावे, नाही तर समोरचा जे सांगेल ते खरे मानावे लागते.

शीड म्हणजे वाऱ्याने ढकलायचा पडदा, अशी आपली समजूत असते. वारा पाठीमागून असेल तेव्हा ती बरीचशी खरीही आहे. पण वारा बाजूने येतो तेव्हा शिडाचा फुगीर आकार पक्ष्याच्या पंखासारखे काम करतो आणि होडीला ओढतो. ही ओढ होडीला पुढेही नेते आणि आडवीही सरकवू पाहते. आडवे सरकणे थांबवण्यासाठी होडीच्या मध्यातून पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. शीड, ती फळी आणि सुकाणू या तिघांची सांगड जमली, की होडी वाऱ्याच्या दिशेकडेही चालू लागते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर ती जात नाही. पण सुमारे ४५ अंशांचा कोन धरून थोडी डावीकडे, मग वळून थोडी उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढत ती वाऱ्याच्या उगमाकडे सरकते. वारा वाहील तशी पाठ फिरवावी, या म्हणीला मिळालेले हे सुरेख उत्तर आहे.

दुसरे मर्म याहूनही सोपे आणि अधिक मोलाचे. झोत आला, होडी कलली, की नवशिका हातातली शिडाची दोरी घट्ट आवळतो. जीव वाचवायला माणूस काही तरी घट्ट धरतोच. पण शिडाच्या होडीत तेच घातक ठरते. दोरी सैल सोडली की शिडातला वारा सांडतो आणि होडी बहुधा आपोआप सरळ होते. 'घाबरलास की सोड' हा धडा हाताला मुरावा लागतो. तो पुस्तकातून येत नाही. तो देणारे माणूस जवळ आहे की नाही, हे पाहणे म्हणजेच क्लब निवडणे.

पूर्वेची गाडी की पश्चिमेची?

आता भूगोल. मैंदर्गीकरांचे भाग्य असे की, मुंबईहून सोलापूर, अक्कलकोट रोड, दुधनी करीत वाडीकडे जाणारा लोहमार्ग जवळूनच जातो. पश्चिमेच्या गाडीत बसले की मुंबईचा समुद्र, पूर्वेच्या गाडीत बसले की हैदराबादचा तलाव. सोलापूरहून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटर. हैदराबाद सुमारे तीनशे. या मार्गावरच्या एका गाडीला तर लोक कित्येक वर्षे हुसेनसागर एक्सप्रेस याच नावाने ओळखत आले. म्हणजे ज्या तलावावर शिडे फिरतात त्याचे नाव आमच्या स्टेशनावर रोज पुकारले जात होते. आम्ही त्याचा अर्थ फक्त 'हैदराबादला जाणारी गाडी' एवढाच घेतला.

मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे. त्याची स्थापना १८४६ सालची. कुलाबा सेलिंग क्लब आहे. लष्कराचे आणि नौदलाचे शिडाच्या होड्यांचे शिक्षण देणारे विभागही मुंबईतच आहेत. १९८२ साली आशियाई खेळ दिल्लीत भरले, तेव्हा शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. हैदराबादेत, सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेल्या हुसेनसागरावर, लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशनची जुनी परंपरा आहे आणि २००९ साली स्थापन झालेला यॉट क्लब ऑफ हैदराबाद आहे. गरीब घरांतल्या मुलामुलींना शीड शिकवण्याबद्दल हा क्लब नावाजला गेला. गोव्यात गोवा यॉटिंग असोसिएशन आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयात शिडे दिसतात खरी, पण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांची ती शिडे पाहून कोणी वाट वाकडी करू नये. तो दरवाजा वेगळ्या परीक्षेने उघडतो.

समुद्र बरा की तलाव? समुद्रावरचा वारा दिवसाच्या ठरावीक वेळी ठरावीक दिशेने येतो. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, हे आपण शाळेत घोकलेलेच आहे. पण समुद्रावर भरती-ओहोटी असते, लाटा असतात आणि मुंबईच्या बंदरात भल्यामोठ्या जहाजांची वर्दळ असते. तलावावर भरती नाही, प्रवाह नाही, काठ चहूबाजूंनी दिसतो. उलट तेथील वारा लहरी. इमारतींच्या आणि टेकड्यांच्या आडून तो कधी येतो, कधी दडतो. माझे मत विचाराल, तर कोरड्या मुलखातल्या माणसाने पहिला धडा तलावावर घ्यावा. चारी बाजूंना जमीन दिसत राहिली की मन लवकर स्थिर होते.

हंगामाचाही विचार हवा. मुंबईचा समुद्र पावसाळ्यात खवळतो, म्हणून तेथील हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. याउलट हुसेनसागरावर जुलै महिन्यात, मॉन्सूनच्या भरवशाच्या वाऱ्यावर शर्यती भरतात. दिवाळीच्या सुट्टीत शिकायचे तर मुंबई-गोवा उघडे. पावसाळ्यात शिकायचे तर हैदराबादकडे पाहावे.

क्लबांच्या जाती

'क्लब' या एकाच शब्दाखाली चार-पाच निरनिराळ्या गोष्टी मोडतात. नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते.

पहिली जात जुन्या सभासदांच्या क्लबांची. येथे होड्यांबरोबर भोजनगृह असते, पत्त्यांची खोली असते, जुन्या चषकांनी भरलेले कपाट असते. प्रवेशासाठी विद्यमान सभासदांची शिफारस लागते. वर्षातून दोनदा मुंबईस जाणाऱ्याने असे सभासदत्व घेणे म्हणजे विहीर नसताना मोट विकत घेणे. मात्र असे क्लब बाहेरच्यांसाठी कधी शिक्षणवर्ग चालवतात का, हे विचारायला हरकत नाही.

दुसरी जात शिक्षणासाठीच उभ्या राहिलेल्या क्लबांची. येथे सभासदत्वापेक्षा वर्ग महत्त्वाचा. ठरावीक दिवस, ठरावीक शुल्क, शेवटी दाखला. लांबून येणाऱ्यास हीच जात सोयीची.

तिसरी जात सरकारी आणि सैनिकी संस्थांची. भोपाळची अकादमी, गोव्यातील नौदलाची बॉइज स्पोर्ट्स कंपनी यांसारख्या ठिकाणी निवडलेल्या मुलांना खेळाबरोबर राहण्याची व शाळेची सोय मिळते. येथे वयाची अट कडक असते आणि निवड कोवळ्या वयातच होते. ज्यांचे मूल दहा-अकरा वर्षांचे, काटक आणि पाण्याला न भिणारे आहे, त्यांनी या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. महाविद्यालयीन मुलांसाठी एनसीसीचा नौदल विभाग हा तसाच एक स्वस्त मार्ग. पण तो ज्या शहरांत आहे तेथेच शिकायला जावे लागते.

चौथी जात बोट क्लबांची. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि त्याची रेगाटा महाराष्ट्रात नावाजलेली आहे. परंतु तेथील मुख्य विद्या वल्ह्यांची. वल्हे हाताच्या बळावर चालते, शीड वाऱ्याच्या. दोन्ही उत्तम, पण गवई आणि तबलजी एकाच मैफलीत बसतात म्हणून गाणे शिकायला कोणी तबलजीकडे जात नाही.

पाचवी जात म्हणजे किनाऱ्यावर फेरी मारून आणणाऱ्यांची. 'वॉटर स्पोर्ट्स' अशी मोठी पाटी, खाली दरपत्रक. तुम्ही बसता, तो चालवतो, छायाचित्र निघते. त्यात गैर काही नाही. पण त्याला शिक्षण समजू नये.

होड्या पाहाव्यात, पण कशा?

नवशिका क्लबात जातो आणि सर्वांत मोठ्या, चकचकीत होडीवर भाळतो. वास्तविक शिकण्याची होडी लहान असावी. लहान होडी चूक तत्काळ सांगते. मोठी होडी चूक पोटात घालते.

मुलांसाठी जगभर ऑप्टिमिस्ट नावाची होडी वापरतात. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती आखली. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन अवघे ३५ किलो, नाक चपटे. पहिल्यांदा पाहणाऱ्यास ती आंघोळीच्या टबासारखी दिसेल. पण आजचे कितीतरी मोठे खलाशी त्याच टबातून पुढे गेले आहेत. पंधरा वर्षांपर्यंतची मुले त्यातून शर्यती खेळतात. त्यापुढची होडी लेझर. हिलाच आता आयएलसीए म्हणतात. होडीचा सांगाडा तोच, शिडे मात्र तीन मापांची. जसे वजन आणि ताकद, तसे शीड. दोघांनी मिळून चालवायची एंटरप्राइज ही १९५६ साली इंग्लंडात जॅक होल्ट यांनी आखलेली होडीही आपल्या देशात फार दिवसांपासून वापरात आहे. चाळिशीच्या प्रौढ नवशिक्यास मी हीच सुचवीन. कारण शेजारी जाणता माणूस बसू शकतो.

होडी नवी आहे की जुनी, याला महत्त्व नाही. दोऱ्या झिजलेल्या नाहीत ना, शिडाला पडलेली भोके वेळेवर शिवली आहेत ना, काम संपल्यावर होड्या धुऊन उलट्या घालून ठेवतात ना, हे पाहावे. बैलाची निगा दावणीवर कळते, तशी होडीची निगा किनाऱ्यावर कळते.

विचारायचे प्रश्न

माहितीपत्रक वाचून क्लब निवडू नये. एक दिवस खर्च करावा, दुपारी होड्या पाण्यात जाताना किनाऱ्यावर जाऊन बसावे आणि शेवटची होडी परत येईपर्यंत उठू नये. तेवढ्या वेळात पुढील गोष्टी समजतात.

पहिली गोष्ट म्हणजे जाकीट. ते प्रत्येकाच्या अंगात आहे का? आणि अंगात आहे म्हणजे बंद लावलेले आहे का? नुसते खांद्यावर टाकलेले जाकीट पाण्यात पडल्यावर माणसाला खाली सोडून स्वतः वर येते! जाकिटाचे माप वयावर नसून वजनावर असते. त्यातही दोन प्रकार. एक नुसता तरंगायला आधार देतो आणि हालचालीला मोकळीक ठेवतो. दुसरा बेशुद्ध माणसाचेही तोंड पाण्याबाहेर राहावे अशा बेताने केलेला असतो. कोणते जाकीट देता आणि का, याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्या हाती आपले मूल देऊ नये.

दुसरी गोष्ट, रक्षक होडी. शिकणारे पाण्यात असताना इंजिनाची एक होडी त्यांच्याजवळ फिरती असली पाहिजे. किनाऱ्याला बांधून ठेवलेली, चावी कार्यालयात असलेली होडी ही रक्षक होडी नव्हे. ती एक होडी किती शिकाऊ होड्यांवर लक्ष ठेवते, हेही मोजावे.

तिसरी गोष्ट, शिक्षक. १९६० साली स्थापन झालेल्या यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची किंवा तशाच मान्य संस्थेची शिक्षकाला मान्यता आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याचा राग येणारा शिक्षक नको. शिवाय तो पाण्यावर असताना ओरडतो कसा, हेही ऐकावे. वाऱ्यात मोठ्याने बोलावेच लागते. पण मोठ्याने बोलणे वेगळे आणि घाबरवणे वेगळे.

चौथी गोष्ट, सुकाणू किती वेळ हातात मिळेल? सहा शिष्य आणि एक होडी असेल, तर आठवडाभरात तुमच्या वाट्याला प्रेक्षकपणच जास्त येईल.

आणि पाचवी, जिच्यासाठी एवढा प्रपंच केला ती गोष्ट. "उलटण्याचा धडा कितव्या दिवशी देता?" असे विचारावे. "आमच्याकडे होड्या उलटतच नाहीत", असे उत्तर आले, तर नमस्कार करून परत यावे. लहान होड्या उलटतात. "पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, पोहण्याची चाचणी झाल्यावर", असे उत्तर आले तर तेथे बसावे. या धड्यात शिक्षक होडी मुद्दाम उलटवतो. होडी सोडून पोहत काठाकडे जायचे नाही, होडीलाच धरून राहायचे, हे तो बजावतो. कारण पालथी होडी तरंगते आणि दुरूनही दिसते, एकट्या माणसाचे डोके दिसत नाही. मग वळसा घालून फळीवर चढायचे, आपले वजन तिच्यावर टाकायचे, आणि शीड पाण्यातून निथळत वर येते. पहिल्या वेळी नाकातोंडात पाणी जाते. तिसऱ्या वेळी हसू येते. त्या हसण्यात पिढ्यांचे भय बरेचसे धुऊन निघते.

मुलींच्या पालकांनी याखेरीज एक गोष्ट पाहावी: कपडे बदलण्याची बंद, स्वच्छ खोली आहे का, आणि वर्गात दुसऱ्या मुली आहेत का. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दोघीच जणी जगाला वळसा घालून आल्या. तेव्हा 'मुलींना हे जमेल का' हा प्रश्न मिटला आहे. 'मुलींची सोय आहे का' एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर क्लबाने द्यायचे आहे.

खिसा आणि रजा

मैंदर्गीसारख्या गावाहून दर रविवारी तलावावर जाणे संसारी माणसाला परवडणारे नाही. म्हणून सलग पाच-सात दिवसांचा वर्ग हाच आपला मार्ग. शुल्काच्या आकड्यात मात्र अडकू नये. त्यात गाडीभाडे, मुक्काम, जेवण, उन्हापासून बचावाचे कपडे आणि बुडालेली रजा मिळवून मग तुलना करावी. जवळचा महाग वर्ग कधी कधी लांबच्या स्वस्त वर्गापेक्षा स्वस्त पडतो.

पहिल्या वर्षी होडी विकत घेऊ नये. दोन माणसांच्या होडीला दुसरा माणूस नेहमीच हवा असतो. वेळेवर येणारा, तक्रार न करणारा, होडी ओढायला हात लावणारा नवशिका कोणत्याही क्लबात लवकर आवडता होतो. आणि वर्ग संपल्यावर तुम्हाला असे बोलावणारा क्लब आहे की दाखला हाती देऊन दार लावणारा, हेही आधीच विचारून घ्यावे.

घरबसल्या करण्याजोगी तयारीही थोडकी नाही. पोहणे आधी यावे. आमच्याकडे विहिरीत कमरेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून मुले पोहायला शिकत आली. आता तशा भरलेल्या विहिरी कमी झाल्या, तरी सोलापुरात जलतरण तलाव आहेत. गाठी शिकाव्यात, ज्याने दावे आणि कासरा हाताळला आहे त्याला त्या कठीण नाहीत.

आणि वारा ओळखावा. येथे मात्र आम्ही कोणाचे शिष्य नाही. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरी भरलेले सूप उंच धरून वाऱ्याची वाट पाहतो. वारा कोणीकडून आहे, झोत किती टिकेल, तो पडला की हात कधी थांबवायचा, हे त्याला गालावरच्या स्पर्शाने कळते. मळणीची यंत्रे आली आणि ही विद्या मागे पडली. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगी ती अजून आहे. दिलीप दोंदे या मराठी नौदल अधिकाऱ्याने ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. महासागरातली ती विद्या आणि खळ्यावरची ही विद्या यांत अंतर पुष्कळ आहे. पण दोहोंचा पहिला धडा एकच: वाऱ्यावर रागवायचे नाही, त्याची दिशा पाहून आपण उभे कसे राहायचे ते ठरवायचे.

तेव्हा ज्याला हौस आहे त्याने या दिवाळीच्या सुट्टीत एवढेच करावे. दोन क्लबांना पत्र किंवा फोन करावा, वरचे पाच प्रश्न विचारावेत, आणि ज्याने उलटण्याविषयी मोकळेपणाने उत्तर दिले त्याच्या किनाऱ्यावर एक दुपार जाऊन बसावे. तेथून परत आल्यावरही मन होत नसेल, तर घरी राहण्यात कमीपणा नाही. पण मन झाले, तर आमच्या स्टेशनावरून गाड्या दोन्ही दिशांना सुटतात.